चुकणारे देवदूत: एका किशोर कादंबरीची घडण

देवदूतांच्या शाळेवर किशोर कादंबरी लिहायची असं ठरल्यावर पहिली अडचण धर्मशास्त्रातच निघाली. ख्रिस्ती परंपरेत देवदूत शिकत नाहीत. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने मांडलेल्या विचारानुसार देवदूताला ज्ञान त्याच्या निर्मितीबरोबरच मिळालेलं असतं. माणसासारखं एकेक बघत, घोकत, चुकत ते गोळा करावं लागत नाही. त्याची निवडही एकदाच होते आणि ती पुन्हा फिरत नाही. जे बंडखोर दूत पडले, ते कायमचेच पडले. म्हणजे इथे वर्ग नाही, परीक्षा नाही, नापास होणं नाही आणि माफी मागून परत येणंही नाही. शाळेची गोष्ट ज्यांवर उभी राहते ते सगळे खांब सुरुवातीलाच निखळले.

यावर हमखास सुचणारी वाट म्हणजे मेलेली मुलं देवदूत होतात आणि त्यांची शाळा भरते. ही वाट मी पहिल्या आठवड्यातच सोडली. माणूस मेल्यावर देवदूत होतो हे चर्चच्या शिकवणीत कुठेच नाही, ती लोकसमजूत आहे. पण खरं कारण वेगळं होतं. वाचक बारा ते पंधरा वर्षांचा आहे. त्याच्यापुढे मरण हा एका सुंदर शाळेचा प्रवेश-अर्ज म्हणून ठेवणं मला घातक वाटतं, आजही वाटतं. दुसरी सोपी वाट अर्ध्या मानवी, अर्ध्या दैवी संततीची. बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातल्या चार ओळींवर ती उभी आहे आणि या प्रकारच्या पुस्तकांत इतकी वापरून झाली आहे की तिच्यावरून चालताना नवं काही दिसत नाही.

सुटका मराठी शब्दानेच केली. ‘देवदूत’ या शब्दात पंख नाहीत, प्रभा नाही, आहे तो फक्त दूत. हिब्रूतला ‘मलाख’ आणि ग्रीकमधला ‘आंगेलोस’ यांचाही मूळ अर्थ निरोप्याच. ‘देवदूत’ हे कामाचं नाव आहे, प्रकृतीचं नव्हे, असं संत ऑगस्टीनने सांगून ठेवलं आहे. मग काम शिकता येईल. काम शिकणारा चुकू शकेल. कादंबरीतली मुलं जिवंत आहेत, वसईत राहतात, दिवसा आठवीत जातात आणि रात्री झोपेत दूताच्या कामाची उमेदवारी करतात. त्यांना शिकवणारे खरे देवदूत चुकत नाहीत, आणि म्हणूनच त्यांना चूक समजायला वेळ लागतो. गोष्टीतला ताण या एका वाक्यातून आला.

पुढचं काम अभ्यासक्रमाचं. पहिल्या आराखड्यात मी अकरा शक्ती लिहिल्या होत्या: उडणं, अदृश्य होणं, मन वाचणं, जखम भरणं वगैरे. चौथ्या प्रकरणापर्यंत छान चाललं आणि सहाव्यात गोष्ट बंद पडली. ज्याला अदृश्य होऊन उडता येतं आणि शिवाय समोरच्याचं मनही वाचता येतं, त्याला अडचणीत कसं टाकायचं? लेखक मग आणखी बलाढ्य शत्रू आणतो, मुलांना आणखी शक्ती देतो, आणि गोष्ट फुगत जाते. अकरा शक्ती खोडून चार विषय ठेवले: निरोप, राखण, वाटसोबत आणि नोंद. प्रत्येक विषयाला एक मुभा, एक मनाई आणि एक किंमत. या तिन्ही गोष्टी प्रत्येकी एका ओळीत लिहिता आल्या नाहीत तर विषय अजून शिजलेला नाही, हा निकष शेवटपर्यंत पाळला.

नियम हवेतून काढले नाहीत. जुन्या कथांत ते आहेतच, फक्त नियम म्हणून वाचावे लागतात. बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात बलाम या भविष्यवेत्त्याच्या वाटेत देवदूत तलवार घेऊन उभा राहतो. गाढवी त्याला तीनदा पाहते, बलामाला तो दिसत नाही. त्यावरून राखणीचे दोन नियम निघाले: दूत आडवा उभा राहू शकतो, ढकलू शकत नाही, आणि माणसाला तो दिसला नाही तरी जनावराला दिसतो. दुसऱ्या नियमाने फुकटात किती प्रसंग दिले! रात्री गल्लीतलं कुत्रं रिकाम्या कोपऱ्याकडे तोंड करून भुंकतं, हे प्रत्येक मुलाने पाहिलेलं असतं. उत्पत्तीत याकोब एका अनोळखी पुरुषाशी रात्रभर झुंजतो, तेव्हा समोरचा म्हणतो की पहाट होते आहे, मला जाऊ दे. त्यावरून वेळेची मर्यादा मिळाली. उजाडलं की उमेदवार जिथे असेल तिथून अंथरुणात परत येतो, काम अर्धं राहिलं तरी. घड्याळ नसलेल्या गोष्टीत ताण टिकत नाही, आणि हे घड्याळ रोज काही सेकंद आधी किंवा नंतर वाजेल असं नैसर्गिक आहे.

वाटसोबतीसाठी तोबीतचं पुस्तक. रफाएल हा देवदूत अजऱ्या असं नाव सांगून तरुण तोबियासबरोबर लांबच्या प्रवासाला निघतो. बरोबर त्यांचा कुत्राही असतो. वाटेत पकडलेल्या माशाचं पित्त पुढे आंधळ्या बापाच्या डोळ्यांना लागतं, आणि आपण कोण हे रफाएल बाराव्या अध्यायात सांगतो. देवदूताने खोटं नाव सांगितलं, म्हणजे तो खोटं बोलला का? हा प्रश्न मी कादंबरीतल्या वर्गात उत्तराशिवाय ठेवला. मुलं भांडली, तास संपला, प्रकरण संपलं. एक व्यावहारिक सावधगिरी इथे लागते: तोबीतचं पुस्तक कॅथलिक बायबलमध्ये आहे, प्रोटेस्टंट बायबलमध्ये नाही. म्हणजे अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) किंवा पुण्याकडच्या प्रोटेस्टंट घरातलं मूल मिखाएल आणि गाब्रिएल ओळखेल, रफाएलची गोष्ट त्याला माहीत असेलच असं नाही. वसईचं कॅथलिक मूल तिघांनाही ओळखेल. २९ सप्टेंबरला तिघांचा सण एकत्र असतो. बाकीच्या वाचकांना तिघेही नवे. त्यामुळे कोणतीही कथा ‘तुम्हाला माहीतच आहे’ अशा सुरात सांगायची नाही, आणि माहीत असलेल्याला कंटाळा येईल इतकी लांबवायचीही नाही. अडीचशे शब्दांची मर्यादा घातली.

निरोपाचा तास लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायावर बेतला. गाब्रिएल जखऱ्या या म्हाताऱ्या याजकाला मुलगा होणार असा निरोप देतो, जखऱ्या विचारतो की हे मला कशावरून कळावं, आणि त्याची वाचा जाते; मूल जन्मून त्याचं नाव ठेवेपर्यंत ती परत येत नाही. मग तोच गाब्रिएल येशूच्या जन्माचा निरोप घेऊन मरियेकडे जातो, ती विचारते की हे कसं होईल, आणि तिला समजावून उत्तर मिळतं. प्रश्न जवळजवळ सारखे, परिणाम वेगळे. का? बारा वर्षांच्या मुलांना न्याय-अन्यायाचा हा हिशेब फार तीव्रपणे कळतो. परीक्षक वाचकांनी सगळ्यात जास्त या प्रकरणावर बोलायला घेतलं.

निरोपाची किंमत अशी: शब्द जसेच्या तसे पोचवायचे, आणि पोचवले की उजाडायच्या आत ते दूताच्या आठवणीतून पुसले जातात. पोचवणाऱ्याला काय पोचवलं ते कधीच आठवणार नाही. सुरुवातीला हा नियम केवळ गूढ वाटावा म्हणून घातला होता. कथानकाचा खिळा तोच होईल हे दुसऱ्या खर्ड्यात कळलं. नायिकेकडे दिलेला निरोप दोनच शब्दांचा आहे: ‘आता ये.’ ती तो ‘आत ये’ असा पोचवते. एक काना गळला, आणि ज्याने धावत दवाखान्यात जायचं होतं तो मुलगा घरात जाऊन बसला. सकाळी तिला काहीच आठवत नाही. फक्त नोंदवहीत ‘आता’ लिहिलेलं आहे आणि ऐकणाऱ्याने ‘आत’ ऐकलं आहे. दुष्ट शक्ती नको, सैतान नको. एक काना पुरला. याआधी तीन महिने मी खलनायक शोधत होतो आणि तीन वेगवेगळे काळे झगे शिवून फाडले होते.

चूक झाल्यावर शाळा काय करते, या प्रसंगाचा सूर मात्र बायबलमधून नाही, भागवतातून मिळाला. सहाव्या स्कंधात अजामिळाला न्यायला यमदूत येतात, विष्णुदूत त्यांना अडवतात, वाद होतो आणि यमदूत रिकाम्या हाताने परततात. ते यमाला विचारतात की तुमची आज्ञा मोडणारे हे कोण? यम रागवत नाही. तो त्यांना बसवून समजावतो की कुणाकडे जायचं आणि कुणाकडे जायचं नाही. दूतांचं प्रशिक्षण म्हणावं असा हा आपल्याकडचा प्रसंग आहे, आणि घरी कीर्तन ऐकलेल्या कुणालाही तो आठवेल. कादंबरीत त्याचा उल्लेख केला नाही. धर्मांची भेळ करायची नव्हती. इस्लाममधल्या, माणसाच्या कर्मांची नोंद ठेवणाऱ्या दोन फरिश्त्यांनाही पात्र केलं नाही, आणि चित्रगुप्तालाही शाळेत नोकरी दिली नाही. पण नोंदीचा विषय इतक्या परंपरांत आहे हे ठाऊक असल्याने नोंदवही हे शाळेतलं सगळ्यात जड दप्तर झालं.

भाषेची अडचण मला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात आनंदाची वाटली. मराठी क्रियापद लिंग लपवू देत नाही. देवदूताला देह नाही, म्हणून लिंग नाही, आणि मी लिहितो ‘तो उठला’. ‘ते उठलं’ म्हटलं की वासरू उठल्यासारखं वाटतं. आदरार्थी बहुवचनातही ‘ते आले’ किंवा ‘त्या आल्या’ यांतून सुटका नाही. मिखाएल, गाब्रिएल, रफाएल यांना परंपरेप्रमाणे पुल्लिंगी ठेवलं. पण नोंदीचा तास घेणारा दूत, अझेल, माझा स्वतःचा आहे, त्याला पुस्तकभर लिंगाशिवाय चालवायचं ठरवलं. हे शक्य आहे, कष्ट आहेत एवढंच. ‘ने’ लागून येणाऱ्या सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे चालतं: ‘अझेलने वही मिटली’, ‘अझेलने दिवा विझवला’. कर्ता कोण, पुरुष की बाई, काहीच कळत नाही. भविष्यकाळात ‘येईल’, ‘सांगेल’ तिन्ही लिंगांना सारखं. जुन्या वळणाचा रीतिभूतकाळही मदतीला येतो: ‘अझेल रोज खिडकीशी बसे, हळू बोले.’ धोका अकर्मक क्रियापदांचा. उठणं, बसणं, हसणं, जाणं आलं की साध्या भूतकाळात पितळ उघडं पडतं. तिथे वाक्य फिरवायचं: ‘उठला’ऐवजी ‘खुर्ची मागे सरकवली’, ‘हसली’ऐवजी ‘ओठांवर हसू आलं’. विशेषणंही तपासावी लागतात. ‘उभा’, ‘थकलेली’, ‘एकटा’ ही हमखास निसटतात. शेवटच्या वाचनात अशा सतरा जागा सापडल्या. यातून एक नफा झाला जो आधी दिसला नव्हता: सकर्मक वाक्यांमुळे हे पात्र सतत हातांनी काहीतरी करत राहतं, वह्या, दिवे, दारं. लिंग लपवताना त्याचा स्वभाव तयार झाला.

संबोधनं ठरवायलाही वेळ गेला. मुलं गुरूला अहो-जाहो करतात, पण प्रार्थनेत देवाला ‘तू’ म्हणतात. चर्चमध्येही आणि विठोबापुढेही. म्हणून शाळेत जितका वरचा दूत, तितकं सरळ ‘तू’. उलट शाळा भरते त्या वसईच्या किल्ल्याच्या दाराशी बसणारा म्हातारा रखवालदार माणूस आहे, त्याला ‘काका, तुम्ही’. नव्या मुलीची जीभ पहिल्या रात्री मिखाएलला ‘तू’ म्हणताना अडखळते, आणि हा अडखळणारा ‘तू’ शाळेची ओळख करून देतो. आजीचे संवाद आधी प्रमाण मराठीत लिहून घेतले आणि नंतर कादोडी ही वसईची बोली बोलणाऱ्या एका घरात बसून बदलून घेतले. बोली ऐकीव आधारावर लिहू नये. एक चुकीचा प्रत्यय त्या गावच्या वाचकाला पुस्तकाबाहेर काढतो.

शाळा वसईच्या किल्ल्यात ठेवली ती भिंतींसाठी नव्हे, घंटांसाठी. मे १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि तिथल्या चर्चच्या घंटा मराठी मुलुखातल्या देवळांत गेल्या. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर, नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकर मंदिरात, भीमाशंकरला, अशा पोर्तुगीज घंटा आजही टांगलेल्या आहेत. मग शाळेचे तास कुठे वाजणार? किल्ल्यात नाही, त्या त्या देवळात. वसईतल्या मुलांना मेणवलीची घंटा ऐकून तास ओळखावा लागतो. कल्पना जुळल्यावर मोह असा होतो की इतिहास सांगत सुटावं. तीन पानं लिहिली, तीनही काढली. राहिलं ते एवढंच की एक मुलगा नाशिकला मामाकडे जातो, देवळात घंटा वाजवतो आणि त्याला ती शाळेची वाटते.

पंखांबद्दल थोडक्यात. बायबलमधल्या यशया या संदेष्ट्याच्या दर्शनात सराफीम या देवदूतांना सहा पंख आहेत: दोहोंनी तोंड झाकतात, दोहोंनी पाय, दोहोंनी उडतात. पण अब्राहामाकडे जेवायला आलेले तिघे पाहुणे माणसांसारखेच दिसतात. दोन्ही आधार आहेत, लेखकाने एक निवडावा. पंख निवडले तर बाकावर बसताना ते कुठे जातात हे पहिल्याच पानावर ठरवा. दक्षिण अमेरिकेतला कॉन्डॉर जेमतेम पंधरा किलोचा असतो आणि त्याचे पंख पसरल्यावर तीन मीटर भरतात. चाळीस किलोचं मूल उचलायला किती लागतील याचा अंदाज करा. मी पंख दिले नाहीत. चित्रकाराला मात्र हे तीन वेळा सांगावं लागलं.

दिवसरात्रीचा मेळ घालायला एक तक्ता केला. शाळेचं वर्ष २९ सप्टेंबरला सुरू होतं आणि २५ मार्चला, गाब्रिएलने मरियेला निरोप दिला त्या सणाला, संपतं. म्हणजे सहामाही, दिवाळी, नाताळ आणि वार्षिक परीक्षेची धास्ती सगळं मधे येतं. तक्त्यात चार रकाने: रात्रीची तारीख आणि तास, त्याच दिवशी गावात काय चाललंय, कुणाला काय कळलं, आणि त्या रात्री उजाडायची वेळ. तिसरा रकाना नसता तर गोष्ट कोसळली असती. विस्मरण हा नियम असला की कोणत्या पात्राला कोणती गोष्ट कधी माहीत आहे यात लेखकच पहिल्यांदा फसतो. पहिल्या खर्ड्यात नायिका अकराव्या प्रकरणात जे विसरते ते तिला तेराव्यात आठवत होतं. शिवाय रात्रभर राबणारी मुलं दिवसा पेंगणार. ते दाखवलं नाही तर वाचक विचारतोच. आईला ते दिसायला हवं, बाईंनी वहीत शेरा द्यायला हवा.

लांबी अठ्ठावीस प्रकरणं, प्रत्येकी साधारण दीड हजार शब्द, एकूण बेचाळीस हजार. मोठ्याने वाचलं तर एक प्रकरण बारा-तेरा मिनिटांत होतं, आणि मी प्रत्येक प्रकरण मोठ्याने वाचूनच पक्कं केलं. ‘आता’ आणि ‘आत’मधला फरक कानाला पुरेसा बारीक आहे का, हे डोळ्यांनी कळलं नसतं.

परीक्षक वाचक सहा, वय बारा ते पंधरा, त्यांतले दोघे ख्रिस्ती घरांतले. त्यांना ‘आवडलं का’ असं विचारायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. मुलं भिडेखातर हो म्हणतात. पेन्सिल दिली आणि सांगितलं की जिथे पान सोडून पुढे जावंसं वाटलं तिथे समासात रेघ मारा, जिथे कळलं नाही तिथे फुली. सहाही प्रतींत रेघा एकाच ठिकाणी जमल्या: चौथ्या प्रकरणात, जिथे मी देवदूतांच्या नऊ श्रेणी समजावल्या होत्या. इसवी सन ५००च्या आसपासच्या, डायोनिसियस या नावाने लिहिणाऱ्या लेखकाने लावलेली ती उतरंड: वर सराफीम, करूबीम आणि सिंहासनं, मधे आणखी तीन, खाली अधिपती, महादूत आणि साधे दूत. अभ्यास करताना मला ती अतिशय मोहक वाटली होती. मुलांना ती सनावळीसारखी लागली. ती सगळी माहिती प्रार्थनेच्या सभागृहात कोण कुठे बसतं यात वाटून टाकली, आणि मिखाएलसारखा महादूत खालून दुसऱ्या ओळीत बसतो हे पाहून नायिकेला धक्का बसतो एवढंच ठेवलं. माहिती तीच, रेघा गेल्या. फुल्या मात्र बहुतेक नावांवर होत्या. नावांची लांबी आणि पहिलं अक्षर वेगळं ठेवा. ‘-एल’ने संपणारी पाच नावं एका पानावर आली की मूल कुणालाच ओळखत नाही. दोन नावं त्यानंतर बदलली.

बायबलमधली वचनं जशीच्या तशी घेतली नाहीत. हल्लीच्या मराठी भाषांतरांवर स्वामित्वहक्क असतो आणि परवानगीला वेळ जातो. पंडिता रमाबाईंचं भाषांतर हक्कमुक्त आहे, पण त्याची भाषा आजच्या मुलाच्या तोंडी बसत नाही. प्रसंग माझ्या शब्दांत लिहिले आणि अर्थ बिघडला नाही ना, हे धर्मशिक्षण देणाऱ्या एका व्यक्तीकडून तपासून घेतलं. त्यांनी दोन जागी हरकत घेतली. देवदूताला उद्देशून मुलं ‘नमस्कार’ करतात तिथे ‘आराधना’ हा शब्द पडला होता. आराधना फक्त देवाची. तो बदल केला. दुसरी हरकत देवदूताच्या रडण्याला होती. ते रडणं मी ठेवलं, पण फक्त मुलीला तसं वाटतं अशा शब्दांत.

छपाईच्या टप्प्यावर नेहमीची संकटं आलीच. हस्तलिखित युनिकोडमध्ये, अक्षरजुळणीकाराचा टंक जुन्या पद्धतीचा. रूपांतरात ‘दुसऱ्या’, ‘जखऱ्या’, ‘अजऱ्या’ यांतला ऱ्य फुटला, आणि ‘ॲ’ने सुरू होणारे शब्द विस्कटले. रूपांतर झाल्यावर ऱ्य, ॲ, ज्ञ, श्र आणि ङ असलेले शब्द यादी करून एकेक तपासायचे, नजरेवर विसंबायचं नाही. शुद्धलेखनात एक सापळा याच विषयाचा आहे. ‘फूल’चं ‘फुलाला’ होतं, म्हणून हात सवयीने ‘देवदुताला’ लिहितो. ‘दूत’ तत्सम शब्द आहे, त्यातला ऊ दीर्घच राहतो: देवदूताला, दूतांनी. ही चूक पहिल्या मुद्रितात एकोणीस ठिकाणी होती. ‘परीक्षा’चं ‘परिक्षा’ त्याहून जास्त ठिकाणी.

आयएसबीएन आपल्याकडे राजा राममोहन रॉय संस्थेकडून मोफत मिळतो; अर्ज छपाईच्या बराच आधी करावा, कारण क्रमांक आल्याशिवाय मलपृष्ठ पूर्ण होत नाही. आकार डेमी एक अष्टमांश, एका पानावर सुमारे दोनशे ऐंशी शब्द. मजकूर दीडशे पानांत बसला, चित्रं आणि सुरुवातीची पानं धरून एकशे सत्तावन्न. सोळा पानांचे दहा फर्मे म्हणजे एकशे साठ. उरलेल्या तीन पानांवर जाहिराती टाकायची सूचना आली होती. त्याऐवजी दोन पानांवर नकाशा घेतला: वसई, मेणवली, नाशिक, भीमाशंकर, आणि प्रत्येक घंटा कुठे टांगलेली आहे त्याची एक ओळ. तिसऱ्या पानावर नावांचे उच्चार.